गाय एकीकडे, वैरण दुसरीकडे

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. त्या निमित्ताने 'शाश्वत पशुपालन' हा शब्दप्रयोग परिषदांतून बराच घुमेल. मराठवाड्याच्या वतीने आम्हांस त्या चर्चेत एकच प्रश्न घालावयाचा आहे, आणि तो गायीचा नसून कडब्याचा आहे.

आपल्या विभागातील पशुधन निकृष्ट आहे, असे कोणी समजू नये. लातूरकडील देवणी, कंधार तालुक्याचे नाव मिरविणारी लाल कंधारी आणि जुळ्या करडांविषयी प्रसिद्ध असलेली उस्मानाबादी शेळी (जिल्हा धाराशिव झाला, शेळीचे नाव मात्र अद्याप तेच आहे) ही येथील उन्हात, तुटपुंज्या चाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या तगलेली जनावरे आहेत. असे असता २०१२ व २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान देशातील संकरित व विदेशी गोवंश सुमारे २७ टक्क्यांनी वाढला आणि देशी गोवंश ६ टक्क्यांनी घटला. शेतकरी अडाणी म्हणून असे घडलेले नाही. बैलाचे काम ट्रॅक्टरने घेतले, डेअरी लिटरवर पैसे मोजते, आणि संशोधनाचे मापही बहुतांशी लिटरच राहिले. शाळेच्या अंकगणितातील गाय नेहमी दूधच देते. ती खाते काय, हे त्या उदाहरणात कधी विचारलेले नसते.

ती खात होती ज्वारीचा कडबा. ज्वारी हे मराठवाड्यात केवळ भाकरीचे पीक नव्हते. एकाच पेरणीत घरच्या माणसांची आणि दावणीच्या जनावरांची सोय होत असे. तिचे रान आता मोठ्या प्रमाणावर सोयाबीन व कापूस यांनी व्यापले आहे. त्यांतून रोख पैसा येतो, हे खरे. परंतु सोयाबीनचे कुटार कडब्याची बरोबरी करीत नाही आणि पऱ्हाटी तर चुलीतच जाते. मग पाऊस हटला की चारा छावणी! २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ अशा तीन दुष्काळांत हेच झाले. छावण्यांनी जनावरे वाचविली, याबद्दल आमची तक्रार नाही. पण घरातले एक माणूस तेथे अडकून पडते, त्याची मजुरी बुडते, आणि छावणी मोडली की दावण पूर्वीइतकीच रिती असते. त्यात २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीसही बंदी आहे. त्या कायद्याविषयी कोणाचे मत काहीही असो. निकामी बैलाच्या वैरणीचा भार शेतकऱ्याच्या शिरावर आला, एवढे तरी मान्य करावे लागेल.

ह्या प्रश्नाचा अभ्यास करावयाचा कोणी? १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ निघाले. पुढे २००० साली नागपूरला पशुवैद्यकाचे स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि परभणी व उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालये त्याच्याकडे गेली. पशुविज्ञानास स्वतंत्र प्रतिष्ठा हवीच होती. कृषी विद्यापीठाकडे पशुसंवर्धनाचा विभाग उरला आहे, हेही आम्ही जाणतो. तथापि शेतकऱ्याचे पीक एका कुलगुरूंकडे आणि त्याची गाय दुसऱ्या कुलगुरूंकडे, ही वाटणी त्याच्या शेतात कोठेच आढळत नाही. 'परभणी मोती'सारखे रब्बी ज्वारीचे वाण ह्याच भूमीत तयार झाले. ती ज्वारी, तिचा कडबा आणि त्यावर पोसलेली देवणी ह्यांचा हिशेब एकाच वहीत मांडला गेला पाहिजे. आणि तोही प्रक्षेत्राच्या कुंपणाआड नव्हे, तर कोरडवाहू गावात, वैरण वाहणाऱ्या बायांच्या श्रमांचे तास धरून, निदान एक दुष्काळी वर्ष सरेपर्यंत.

आठ जिल्ह्यांचे विभागीय आयुक्तालय आपल्या शहरात आहे. आयुक्तांनी रब्बीच्या पेरणीपूर्वी दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंना एका बैठकीस पाचारण करावे, आणि त्या बैठकीत कागदांबरोबर दोन-चार गावचे पशुपालकही बसवावेत.