अमेरिकेचा दाखला द्यायचा तर अख्खा द्या

‘अमेरिका काय उगाच मोठी झाली? खाणी खणूनच झाली!’ हे वाक्य परवा एका लग्नाच्या पंगतीत पुन्हा ऐकलं. २०१२ साली आपल्या खाणी बंद पडल्यापासून गोव्यात कोणी ना कोणी ते फेकतोच. पानावर बसून वाद घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे घालतो.

मंडळी, ‘मॅकेन्नाज गोल्ड’ पाहून झालेल्या ज्ञानावर थांबू नका. कॅलिफोर्नियात १८४८ साली सोनं सापडलं. वरवरचं सोनं संपत आलं तेव्हा, १८५३ मध्ये, नेवाडा सिटीजवळ नवी युक्ती निघाली. उंचावरचं पाणी नळातून आणायचं, तोटीतून जोरात सोडायचं आणि डोंगरच धुऊन काढायचा. तो रेंदा लाकडी पन्हळीतून जाई. पन्हळीत पारा, सोनं त्याला चिकटे. बाकीचं सगळं नदीत!

यूबा नदीचं पात्र गाळाने इतकं वर आलं की मेरीसव्हिल गावाभोवती बांध घालावे लागले. १८७५ च्या पुरात तेही पुरले नाहीत. खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी, बागा गाडल्या गेल्या. भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी १९१७ साली या गाळाचा हिशेब मांडला, तो शंभर कोटी घनयार्डांच्याही वर जातो. डिचोलीच्या शेतात उतरलेला लाल चिखल ज्याने पाहिलाय, त्याला हे चित्र समजावून सांगायला नको.

खाणवाले म्हणत, धंदा बुडेल, गावं ओस पडतील. ओळखीचं वाटतं ना? पण ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लोरेंझो सॉयर यांनी नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनीला नदीत गाळ सोडायला मनाई केली. कॅलिफोर्निया बुडाली नाही. आज शेतीमालाच्या उत्पन्नात ती अमेरिकेत पहिली आहे.

आता आपल्या बाजूच्या लोकांनाही सांगतो, याची परीकथा करू नका. कोर्टात जिंकले ते जमीनमालक. ज्यांची ती नदी मुळात होती, त्या निसेनान लोकांना कोणी विचारलंच नाही. १८५० च्या एका कायद्याने आदिवासींची मुलं गोऱ्यांकडे राबायला बांधून देण्याची सोय केली होती. त्याच वर्षी परक्या खाणकामगारांवर महिना २० डॉलर कर बसला. १८५४ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने ठरवलं की गोऱ्याविरुद्ध चिन्याची साक्षच चालणार नाही. म्हणजे दाद मागायची तर आधी तुम्ही ‘कोणीतरी’ असायला हवं.

आणि पारा? तो अजून तिथेच आहे. त्या भागातल्या काही तळ्यांमधले मासे किती खावेत, याच्या सरकारी सूचना आजही निघतात. नुस्त्यावाचून ज्याचा घास उतरत नाही, त्या पंगतीतल्या गृहस्थांना हे सांगायचं राहून गेलं.