भाड्याची खोली घेताना भिंतीही पाहा

मुलांच्या शिक्षणासाठी शेतकऱ्यांची पुष्कळ बिऱ्हाडे आज तालुक्याच्या गावी हलतात. खोली पाहताना आपण भाडे किती, अनामत किती, नळाला पाणी केव्हा येते, एवढे विचारतो. दारे-खिडक्यांच्या रंगाकडे मात्र कोणी पाहत नाही.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असे. रंग लवकर वाळावा, उठून दिसावा म्हणून ते घालीत. पिवळ्या व लाल रंगांत ते विशेष असे. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा अधिक शिसे नसावे, असा नियम आपल्या देशात 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधी रंगविलेली दारे, खिडक्या, कपाटे अजून घरोघर आहेत.

रंग शाबूत असेल तोवर फारसे भय नाही. ओल लागून पोपडे सुटले किंवा खिडकी उघडता-मिटताना रंग घासला, की त्याची बारीक धूळ जमिनीवर बसते. रांगते मूल तेच हात तोंडात घालते. खपली गोडसर लागते, म्हणून ती चघळतेही. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या अंगात शिसे चार-पाच पट अधिक भिनते. पोट दुखते, रक्त कमी होते, मूल चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते. आपण त्याला हूड म्हणून रागावतो. कित्येकदा लक्षण काहीच दिसत नाही, आणि मेंदूचे नुकसान मागाहून भरून येत नाही. गरोदर बाईच्या हाडांत साठलेले शिसे पोटातल्या बाळापर्यंत पोचते.

म्हणून मायबहिणींनो, एवढे करा. पोपडे सुटलेल्या खिडकीखाली मुलाचे अंथरूण घालू नका. फरशी व खिडकीची कड कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा. जेवणापूर्वी मुलाचे हात धुवा. जुना रंग कोरडा खरवडू नका, पॉलिशपेपरने घासू नका. रंगविलेल्या मोडक्या चौकटी चुलीत घालू नका. त्या धुरातही शिसे असते. मुलाला उपाशी ठेवू नका. दूध, नाचणी, पालेभाजी, कडधान्ये पोटात असली म्हणजे शिसे कमी भिनते. शंका आली तर डॉक्टरांना सांगून रक्तातील शिसे तपासून घ्या.

आणखी एक. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल आणि वारा खेळत नसेल, तर तेथे विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. थंडीत दारे लावून निखाऱ्याची शेगडी पेटवली तरी हेच होते. झरोका बुजवू नका आणि शेगडी पेटती ठेवून निजू नका.

‘परक्याच्या घरावर आपण खर्च का करावा?’ असे कारभारी म्हणतील. घरमालकाशी बोलणे बिऱ्हाड टाकण्याआधीच करावे, तेव्हा तोही ऐकतो. नवा रंग द्यायचा तर डब्यावर शिशाचे प्रमाण वाचून घ्यावे. घर भाड्याचे असले तरी त्यात वाढणारे लेकरू आपले आहे.