वाटीभर दुधाच्या पुढे

पावसाळा तोंडावर आला की शहरातल्या सोसायट्यांमध्ये एक आवाज हमखास ऐकू येतो. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, पाण्याच्या टाकीमागे मांजर व्यालेली असते आणि पिल्लं रात्रभर ओरडत असतात. सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला दारं उघडली की सोसायटीचे सरळ दोन तट पडतात. एकीकडे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्या वाटीत दूध आणि कालच्या पोळीचा तुकडा घेऊन खाली उतरतात. दुसरीकडे तळमजल्यावरचे काका. त्यांच्या दारातल्या पायपुसण्याला रोज वास येतो. 'तुम्ही खायला घालता म्हणून ही वाढतात,' असं काकांचं म्हणणं. 'मग मुक्या जिवाला उपाशी मारायचं का?' हा काकूंचा सवाल. पुढच्या सभेत हा विषय गळक्या टाकीच्याही आधी निघतो.

हे चित्र केवळ मुंबई-पुण्याचं नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद इथल्या वाचकांनाही ते ओळखीचं वाटेल. गंमत अशी की या भांडणात दोघांचंही म्हणणं थोडं थोडं खरं आहे आणि दोघांच्या दुखण्यावरचं औषध एकच आहे.

अर्धी दया

आधी मांजराच्या संसाराचा हिशेब पाहू. मादी, म्हणजे भाटी, चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. तिचा गर्भ जेमतेम नऊ आठवड्यांचा. एका वेळी साधारण तीन ते पाच पिल्लं होतात आणि ती अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून दोनदा व्याली आणि दर वेळी चार पिल्लं झाली, तरी एकीची आठ पिल्लं होतात. त्यातल्या निम्म्या माद्या धरल्या, तर पुढच्या वर्षी आवारात विणाऱ्या पाच जणी!

मग सगळं आवार मांजरांनी भरून का जात नाही? कारण त्यातली बरीच पिल्लं जगतच नाहीत. कुणी गाडीच्या चाकाखाली येतं, कुणी कुत्र्याच्या तोंडी सापडतं, कुणी पावसात गारठतं, तर कुणी पॅनल्यूकोपेनियासारख्या साथीच्या रोगाने दोन दिवसांत जातं. काकू ज्या भाटीला जीव लावून जगवतात, तिच्याच पिल्लांचे हे हाल त्यांना दर पावसाळ्यात पाहावे लागतात. म्हणूनच नुसतं खायला घालणं ही अर्धी दया झाली.

पोत्यात घालून सोडणं

दुसऱ्या बाजूचा उपाय जुनाच आहे. मांजरीला पोत्यात घालायचं आणि लांबच्या मंडईत नाहीतर खाडीपलीकडे सोडून यायचं. पण मांजर आपल्या हद्दीला धरून राहणारं जनावर आहे. परक्या जागी तिला अन्नपाणी कुठे आहे ते ठाऊक नसतं. तिथली मांजरं तिला हुसकावून लावतात. परत येण्याच्या धडपडीत ती रस्त्यावर सापडते आणि इकडे तिची पिल्लं उपाशी मरतात. एवढं करून सोसायटीला तरी काय मिळतं? उघडा कचरा आणि आडोसा तसाच असतो. काही दिवसांत नवी मांजर येऊन तीच जागा धरते.

शिवाय कायदाही आहे. भूक-तहानेने हाल होतील अशा तऱ्हेने जनावर सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा १० ते ५० रुपये दंड ऐकून कुणाला हसू येईल. पण जनावराला विष घालणं, मारणं किंवा जायबंदी करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

दोघांचं औषध एकच

ते औषध म्हणजे नसबंदी. मांजर पिंजऱ्यात पकडायची, शस्त्रक्रिया करून आणायची आणि जिथून उचलली तिथेच सोडायची. ओळखीसाठी भूल असतानाच कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे तीच मांजर पुन्हा पकडली जात नाही. याचा फायदा काकांना आधी होतो. भाट्या माजावर येत नाहीत, त्यामुळे रात्रीचं ते केविलवाणं ओरडणं थांबतं. बोक्यांच्या मारामाऱ्या आणि दारोदारी मुतून हद्द आखण्याची सवय बरीच कमी होते. आणि दर पावसाळ्यात पिल्लं मरताना पाहणं काकूंच्या नशिबी येत नाही.

मुंबई महापालिकेने २०१९ पासून मांजरांच्या नसबंदीचं काम हाती घेतलं. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तर १८८३ पासून मुक्या प्राण्यांची सेवा करत आलं आहे. इतर शहरांत पालिकेचा पशुवैद्यकीय विभाग, प्राणीमित्र संस्था किंवा जवळचे पशुवैद्य यांच्याकडे चौकशी करावी. खाजगी दवाखान्यातला खर्च एकट्या काकूंवर टाकू नये. फायदा सगळ्या इमारतीचा आहे, तेव्हा घरटी वर्गणी काढणं योग्य.

मांजर पकडण्यासाठी आठवडाभर एकाच वेळी, एकाच जागी खायला घाला. मग तेच खाणं पिंजऱ्यात ठेवा. सुकटीच्या वासाला सहसा ती नाही म्हणत नाही. दार पडलं की पिंजऱ्यावर चादर टाका. अंधारात ती शांत होते. उघड्या हाताने धरायला जाऊ नका. शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचं आणि नंतर किती दिवस जपायचं, हे डॉक्टरांना विचारा. अंगावर पिणारी लहान पिल्लं असतील, तर ती स्वतः खाऊ लागेपर्यंत थांबा. मात्र त्यानंतर चालढकल नको.

पिल्लू दिसलं तर

एकटं पिल्लू दिसलं की मुलं ते लगेच उचलून घरी आणतात. तसं करू नका. आई बहुधा खाण्याच्या शोधात गेलेली असते आणि माणसं घोटाळत असली की ती जवळ येत नाही. दोन-तीन तास लांबून पाहा. पिल्लू पाण्यात किंवा रस्त्यावर असेल, तर जवळच्याच कोरड्या जागी हलवा.

आई खरोखरच नसेल, तर आधी ऊब द्या आणि मग दूध. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गारठलेल्या पिल्लाला काही पाजू नये. गाईचं किंवा म्हशीचं दूध त्याला सोसत नाही, जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची वेगळी पावडर मिळते, ती वापरा. पाजताना पिल्लू उताणं धरू नका, पोटावरच असू द्या. डोळे न उघडलेल्या पिल्लाला रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्याला हळुवार पुसलं, तरच त्याला शी-शू होते. हे काम एरवी आई चाटून करते.

ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला चुकूनही देऊ नका. एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते.

घरच्यांची काळजीही घ्यायला हवी. मांजर चावली किंवा तिने ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो, हा समज चुकीचा आहे. गरोदर स्त्रियांनी मांजराची विष्ठा साफ करण्याचं काम दुसऱ्यांवर सोपवावं. त्यासाठी मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

आता राहिली ती वाटी. प्राण्यांच्या जनन नियंत्रणासाठी २०२३ मध्ये आलेल्या नियमांनुसार, आवारातल्या प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवर आहे. ती जागा जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी. तेव्हा काकूंनी वाटी जिन्यात ठेवून जाऊ नये. मांजराचं खाऊन झालं की उष्टं उचलावं, जागा धुवावी आणि मागे फक्त पाण्याचं भांडं ठेवावं.

आणि पुढच्या सभेत 'मांजरं हवीत की नकोत' हा वाद घालू नका. आवारात भाट्या किती, कितींची नसबंदी झाली, उरलेल्यांना दवाखान्यात कोण नेणार आणि वर्गणी किती, एवढंच ठरवा. पिंजरा उचलायला काका पुढे आले, तर काकूंनी नाही म्हणू नये.