अचलपूरची तटबंदी कोणाची?

अचलपूरच्या दुल्हा दरवाजाचे नाव उभ्या महाराष्ट्राने अलीकडे ऐकले, ते एप्रिल 2022 मध्ये. दरवाजावरील ध्वजाच्या निमित्ताने दोन जमाव समोरासमोर आले, दगडफेक झाली, संचारबंदी पुकारावी लागली आणि काही दिवस वृत्तपत्रांचे मथळे त्या दरवाजाने व्यापले. पुढे शांतता झाली आणि दरवाजाही विस्मृतीत गेला. तो कोणत्या नगररचनेचा अवयव आहे, त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या तटाची आज काय अवस्था आहे, याची चौकशी त्या गदारोळात कोणी केल्याचे आमच्या तरी वाचनात आले नाही. ती चौकशी आज करावी असे आम्हांस वाटते. गाजावाजा नसताना केलेला विचारच अशा प्रश्नात उपयोगी पडत असतो.

अचलपूर हे वऱ्हाडातील काही सामान्य तालुक्याचे गाव नव्हे. बाराव्या शतकात हेमचंद्रासारख्या वैयाकरणाला प्राकृतातील वर्णविपर्यय समजावून देण्यासाठी उदाहरण हवे होते. तेव्हा त्याने याच गावाचे नाव घेतले आणि ‘अचलपूर’चे ‘अलचपूर’ कसे होते ते सांगितले. दूर गुजरातेतल्या पंडिताच्या ओठांवर ज्या गावाचे नाव सहज यावे, ते गाव त्या काळी केवढे नांदते असले पाहिजे! (शाळेत व्याकरण शिकविताना हे उदाहरण आम्हांला फार उपयोगी पडत असे.) पुढे 1425 च्या सुमारास अहमदशाह बहामनीचा मुक्काम येथे पडला. 1490 मध्ये फत्तेउल्ला इमादुल्मुल्क याने स्वतंत्र इमादशाही स्थापिली आणि 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळंकृत करीपर्यंत अचलपूर हे एका राज्याचे राजधानीचे शहर होते. पाठीशी गाविलगडासारखा दुर्ग, पुढे पूर्णेच्या खोऱ्यातील कसदार काळी, आणि डोंगरातून उतरणाऱ्या सापन व बिचन या दोन नद्या. राजधानीस आणखी काय लागते? मोगल गेले, निजाम आले, नवाब आले. गावाचे महत्त्व मात्र टिकले. 1853 नंतरच्या इंग्रजी अमदानीत ‘इलिचपूर’ हा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 मध्ये तो अमरावतीत विलीन झाला आणि गावाची उतरती कळा पक्की झाली.

या इतिहासाची स्मारके सांगा म्हटले की हौज कटोऱ्याचे नाव घेण्यात येते. पाण्यातून उठणारा तो अष्टकोनी मनोरा खरोखरच प्रेक्षणीय आहे. परंतु अचलपूरचे खरे वैभव कोणत्याही एका इमारतीत नाही. ते त्याच्या मांडणीत आहे. नवाबी काळात उभारलेला तट, त्यातील दरवाजे, दरवाजांना जोडणारे रस्ते आणि त्या रस्त्यांच्या पोटात वसलेले पुरे, हे सारे मिळून एक वास्तू होते. सुलतानपुरा, सरमसपुरा, हिरापुरा, बिलनपुरा, अब्बासपुरा, बुंदेलपुरा, मालवेसपुरा... पुऱ्यांची संख्या पन्नासाच्या वर सांगतात. पुरा म्हणजे निव्वळ मोहल्ला नव्हे. कोणा सरदाराच्या आश्रयाने किंवा कोणा व्यवसायाच्या आधाराने वसलेले ते जवळजवळ स्वतंत्र गावच. असे पुरे एकमेकांना खेटून वाढले, म्हणून येथली गल्ली वळत वळत जाते आणि अनपेक्षितपणे एखाद्या चौकात मोकळा श्वास घेते. परक्याला ही वाट चुकविते. रहिवाशाला ती उन्हात सावली देते. वैशाखातल्या वऱ्हाडी दुपारी या सावलीची किंमत कळण्यास वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही.

शेजारचे परतवाडा पाहावे म्हणजे हा भेद ध्यानात येतो. हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीतून ते वाढले. टपालखात्याच्या लेखी ते अजूनही ‘अचलपूर कॅम्प’ आहे. लाकडाचा बाजार तेथे, चिखलदरा-धारणीकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ तेथे. जुन्या शहरातील व्यापार तिकडे ओढला जावा हे स्वाभाविकच होते आणि त्याबद्दल आम्ही कुरकुर करीत नाही. मात्र परतवाड्याचे मोजमाप अचलपूरला लावण्याचा मोह अनर्थकारक ठरेल. दरवाजाच्या कमानीतून मालमोटार जात नाही, तर कमानच आड येते असे म्हणणारे व्यवहारदक्ष लोक प्रत्येक गावी असतात. मालमोटारीस वळसा घालता येतो. कमानीस तो घालता येत नाही, एवढेच त्यांना सांगावयाचे.

आम्ही अमरावतीकरांनी या बाबतीत फार ताठ मानेने बोलू नये हेही खरे. आमच्या परकोटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. त्यांपैकी खुनारी खिडकीपाशी 1818 च्या दंग्यात सातशे माणसे पडली असे नमूद आहे. पण तटाला पाठ टेकून उभ्या राहिलेल्या घरांत आणि दुकानांत तटच शोधावा लागतो.

नद्यांची कथा याहून खेदजनक. दुल्हा रहमानशाहाचा दर्गा बिचनच्या काठी आहे, तो काही योगायोगाने नव्हे. जुन्या शहराची पाठ नदीकडे नव्हती, तोंड नदीकडे होते. आज वऱ्हाडातील कोणत्याही गावी जा, घराची मोरी आणि गावाचा कचरा जेथे जातो तिलाच नदी म्हणण्याचा प्रघात आहे. पात्र आक्रसले की पावसाळ्यात डोंगराचे पाणी आपली जुनी वाट मागते, आणि मग आपण त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणतो.

कायदा काय करतो? 1960 चा महाराष्ट्राचा स्मारकविषयक कायदा एकेका वास्तूस संरक्षण देऊ शकतो. गल्लीची वळणे आणि पुऱ्यांच्या सीमा त्याच्या कक्षेत सहजासहजी येत नाहीत. ते काम 1966 च्या नगररचना कायद्याखालील विकास आराखड्याचे. मुंबईने 1995 मध्ये वारसा-वास्तूंची यादी आणि नियम करून इमारतींबरोबर परिसरांनाही त्यात स्थान दिले. मुंबईस जे साधले, ते 1869 पासून नगरपालिका असलेल्या अचलपूरला का साधू नये? पैशाची सबब आम्ही ऐकून आहो. तटाची रेषा मोजून नकाशावर आखण्यास फारसा पैसा लागत नाही. दरवाजांतून अवजड वाहनांस बंदी करण्यास तर मुळीच लागत नाही. जुने लाकडी खांब आणि धाबे राखून घर दुरुस्त करणाऱ्या मालकास घरपट्टीत सवलत दिली, तर पाडून सिमेंटचा ठोकळा उभारण्याची त्याची घाई काही अंशी तरी कमी होईल.

अचलपूर आणि परतवाडा यांची नगरपालिका एकच आहे. तिने सर्व दरवाजे, तटाचा उरलेला प्रत्येक भाग, पुऱ्यांच्या सीमा आणि दोन्ही नद्यांची पूररेषा दाखविणारा एक नकाशा प्रथम तयार करावा. मोजणीस प्रत्येक पुऱ्यातील, दोन्ही समाजांतील जाणती माणसे बरोबर घ्यावी. कोणता बुरूज कोणाच्या परसात दडला आहे हे त्यांनाच ठाऊक असते. आणि तो नकाशा कचेरीच्या कपाटात न ठेवता, कोणाही नागरिकास उभ्या उभ्या वाचता येईल असा दर्शनी भिंतीवर लावावा.