नियम हवेत, पण दार उघडं ठेवून

होस्टेलला ॲडमिशन घेताना आपण सगळ्यांनी एक छापील फॉर्म भरला होता. रात्री ठरलेल्या वेळेच्या आत गेटमध्ये, खोलीत हीटर नाही, दारू-सिगारेट नाही. खाली सही आपली आणि पालकांची. त्यातला कोणता नियम आपण कसा पाळतो हे रेक्टरसरांना चांगलंच ठाऊक आहे, तेव्हा तो विषय नको! पण "नियम हवेतच कशाला?" असा वाद मेसमध्ये रंगला की मला माझ्या मामांची माती आठवते.

आमचं घर ख्रिस्ती. नातेवाईक सगळे शिरूर-दौंड पट्ट्यात विखुरलेले. मामांनी तरुणपणी दुसऱ्या धर्मातल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं. मंडळीला विचारलं नाही, म्हणून सभासदांच्या यादीतून नाव कमी झालं. मामा तरी नाताळला येऊन मागच्या बाकावर बसायचे. प्रभुभोजनाची वेळ आली की हळूच उठून बाहेर जायचे. ते वारले तेव्हा प्रश्न उभा राहिला, यांना आपल्या दफनभूमीत जागा द्यायची का? घरात मयत, मामी एका कोपऱ्यात, आणि ओट्यावर कमिटीची मंडळी दोन तास खल करत बसलेली. अखेर जागा मिळाली, पण दिवस मावळायला आला होता. आई कोणाला काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मेलेला माणूस आता कोणता नियम मोडणार आहे?"

त्या दिवशी माझा चुलतभाऊ चिडून म्हणाला, "चर्चने वागण्याचे नियम करूच नयेत. श्रद्धा ज्याची त्याची." मलाही क्षणभर पटलं. पण विचार केला तेव्हा जाणवलं की हे इतकं सोपं नाही.

आमच्या भागात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या बऱ्याच अंशी अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून. नगरला त्यांचं मोठं केंद्र, शिरूरलाही जुनं ठाणं. मंडळीत यायचं तर त्यांची एक अट होती, जात सोडायची. एका पंगतीत जेवायचं, प्रभुभोजनाला एकत्र बसायचं. एकोणिसाव्या शतकात हा नियम साधा नव्हता. 'ज्याची त्याची मर्जी' म्हटलं असतं तर पाण्याचे पेले वेगळेच राहिले असते. ज्याला मान सोडायचा होता त्याला तो नियम जाचला असेल, पण ज्याला आयुष्यात पहिल्यांदा शेजारी जागा मिळाली त्याला तो मोकळीक वाटला असणार. दारूचंही तेच. मंडळी काय म्हणेल या धाकाने बाटली बाजूला ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या बायकांना त्या धाकाबद्दल कधी तक्रार करताना ऐकलेलं नाही. वारकऱ्याने माळ घातली की मद्य-मांस सुटतं, एकादशी आली. त्याला कोणी जुलूम म्हणत नाही, कारण माळ त्याने स्वतः होऊन घातलेली असते.

म्हणजे नियम वाईट नाहीत. मग चुकतं कुठे?

याचं उत्तर मला आमच्याच दौंड तालुक्यात सापडलं. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, हे आपण वाचलेलं असतं. पण त्यानंतर त्यांचं चर्चच्या अधिकाऱ्यांशी किती वाजलं, हे फारसं कोणी सांगत नाही. त्या शाकाहारी होत्या, अंडं घातलेलं पुडिंगही खात नसत. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जुना अहंकार दिसला. चेल्टनहॅमला असताना रमाबाईंनी तरुण मुलग्यांना शिकवावं असं निघालं, तर बिशपसाहेबांनी हरकत घेतली. का, तर हिंदुस्थानात ते बरं दिसणार नाही! रमाबाईंना याचं नवल वाटलं. कारण त्यांच्या वडिलांनी आणि नवऱ्याने असल्या गोष्टीला कधी आडकाठी केली नव्हती. एका पुरोहितांच्या जोखडातून कष्टाने मान सोडवली, ती लगेच दुसऱ्या जोखडात घालणार नाही, असं त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं. पण ख्रिस्ताला त्यांनी सोडलं नाही.

आता गंमत पाहा. याच रमाबाईंनी केडगावला शेकडो मुली-बायकांचं घर चालवलं. तिथे प्रार्थना होती, शाळा होती, शेतातलं आणि छापखान्यातलं काम होतं. एवढ्या माणसांचा संसार नियमांशिवाय चालत नाही, हे त्यांनाही मान्य होतं. पण त्यांनी दार कोणासाठी उघडलं? दुष्काळात सापडलेल्या मुलींसाठी, टाकलेल्या विधवांसाठी. समाजाने 'वाट चुकलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठी तर त्यांनी कृपा सदन काढलं. ज्यांना प्रत्येक धर्माच्या नियमाने बाहेर काढलं असतं, त्यांच्यासाठीच त्यांनी नियमांचं घर बांधलं.

मला वाटतं, कसोटी इथेच आहे. मंडळीने नियम करावेत, पण तीन गोष्टी सांभाळून. एक, नियम मोठ्यांना आधी लागू व्हावा. लग्न ठरवून केलं नाही म्हणून पोराचं नाव कापायचं आणि हिशेबात घोळ करणाऱ्या पुढाऱ्याला पुढच्या बाकावर बसवायचं, हे चालणार नाही. दोन, आधी एकट्याला भेटून समजवावं. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात हाच क्रम आहे : आधी एकट्याने जा, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीपुढे. त्यानंतरही ऐकलं नाही तर त्याला जकातदारासारखा समजा, असं तिथे आहे. पण जकातदारांच्या घरी जेवायला कोण जात असे, हे संडे स्कूलच्या पोरालाही माहीत असतं! आणि तीन, शिक्षा मंडळीच्या कामापुरतीच राहावी. मतदान नाही, पद नाही, इथपर्यंत ठीक. पण शेजार, सोयरीक आणि माती यांना हात लावायचा नाही.

कायद्यालाही ही रेघ ओढताना अवघड गेलं आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये धर्मबहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. धार्मिक कारणाने बाहेर काढणं हा पंथाच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे, असं बहुमत पडलं. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत मात्र वेगळं होतं. पुढे महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी बोहरा बहिष्काराचा जुना प्रश्न नऊ जणांच्या खंडपीठाकडे सोपवला. कोर्टाला इतकी वर्षं लागतात, तर ओट्यावर बसलेल्या कमिटीने दोन तासांत निकाल लावू नये, एवढं तरी म्हणायला हरकत नसावी.

आपण ड्रॉइंगमध्ये प्रत्येक मापाला टॉलरन्स देतो. तो दिला नाही तर पार्ट अचूक बनत नाहीत, नुसते रिजेक्ट होत राहतात. माणसांच्या बाबतीत हे आपण का विसरतो?

मामी अजून नाताळला येते. ती सभासद नाही. मागच्या बाकावर, मामांच्या जागी बसते. गेल्या वर्षी पाळकसाहेब स्वतः उठून मागे गेले, तिला सलाम केला आणि पुढे येऊन बसायचा आग्रह केला. ती आली नाही. पण आई म्हणते, हे वीस वर्षांपूर्वी झालं असतं तर मामा प्रभुभोजनाच्या वेळी बाहेर गेले नसते.