फेझच्या वेशीतून आत जाताना

बाईने एकटीने परदेशी जायचे म्हटले की सल्ले सुरू होतात. मोरोक्कोतल्या फेझ शहराबद्दल तर विचारूच नका. अंगभर कपडे घाला, कुणाच्या नजरेला नजर देऊ नका, दिवेलागणीच्या आत परत या, शक्यतो पुरुषमाणूस सोबत असू द्या. समुपदेशन केंद्रात येणाऱ्या मुलींना घरचे लोक हेच तर सांगत असतात! अशा सल्ल्याने बाईला शहर कळत नाही, भीती तेवढी कळते. मागच्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण तिथे आठ दिवस होतो. तेव्हापासून माझे मत आहे की बाईला शहराची रीत सांगावी, बंधने नकोत.

तटबंदीच्या आतले जुने फेझ १९८१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बोळ इतके अरुंद की मोटार शिरत नाही. माल खेचरांवरून आणि हातगाड्यांवरून जातो. मागून ‘बालाक!’ अशी आरोळी आली की भिंतीला लागायचे. आपले हमाल ‘बाजू, बाजू’ करतात, तसेच. वाट चुकणार हे धरूनच चाला. बू जलूद वेशीपासून तला कबीरा आणि तला सगीरा हे दोन मुख्य रस्ते उतरत उतरत करवीयीन मशिदीकडे जातात. म्हणून परतताना यांपैकी एक रस्ता गाठायचा आणि चढ धरायचा.

“पुढे रस्ता बंद आहे” असे सांगत एखादा तरुण पुढे होतो. रस्ता बहुधा उघडाच असतो. त्याला तुम्हाला चामड्याच्या दुकानात न्यायचे असते. ‘ला, शुक्रन’ म्हणून चालत राहा. वाट दुकानात बसलेल्याला विचारा, किंवा पोरे घेऊन निघालेल्या बाईला. वाटाड्या हवाच असेल तर सरकारी बिल्लेवाला घ्या, पैसे आधी ठरवा आणि ‘दुकाने नकोत’ हेही आधीच सांगा. शुक्रवारी बरीच दुकाने बंद असतात.

आता छेडछाडीचे. ती होते, आणि तिथल्या बायकांनाही तिचा जाच आहे. म्हणूनच तिथल्या संघटना वर्षानुवर्षे झगडल्या आणि २०१८ मध्ये कायदा आला. सार्वजनिक ठिकाणी स्त्रीला त्रास देणाऱ्याला एक ते सहा महिने कैद होऊ शकते. (नवऱ्याने केलेला बलात्कार त्यातून सुटलाच. आपल्याकडे तरी कुठे वेगळे आहे?) शहरात पोलिसांचा क्रमांक १९. अंगभर कपड्यांच्या सल्ल्याबरोबर हा क्रमांक कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

करवीयीन मशीद ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईने वडिलांकडून आलेल्या पैशातून उभारली, असे परंपरा सांगते. मुसलमान नसलेल्यांना आत जाता येत नाही. दारातून अंगण दिसते तेवढे पाहावे. तिथल्या ग्रंथालयाचा जीर्णोद्धारही फेझमध्येच जन्मलेल्या अझीझा शौनी या स्थापत्यकार बाईच्या हातून झाला. समाजशास्त्रज्ञ फातिमा मेर्निसी १९४० मध्ये याच शहरात जन्मल्या आणि जनानखान्यात वाढल्या. त्या बालपणावरचे त्यांचे पुस्तक १९९४ मध्ये आले. जाण्याआधी ते जरूर वाचा. बंद दरवाज्यांकडे बघायची नजर बदलते.

आणि हम्माममध्ये जा. हॉटेलातल्या महागड्या नव्हे, मोहल्ल्यातल्या. बायकांच्या वेळा वेगळ्या असतात, त्या शेजारी विचारून घ्या. काळा साबण, खरखरीत हातमोजा, तांब्या आणि कोरडी चड्डी सोबत न्यायची. अंगावरची चड्डी आत काढत नाहीत. रस्त्यावर ज्या बाया मान खाली घालून झपझप जाताना दिसल्या, त्याच इथे पाय पसरून बसलेल्या, मोठमोठ्याने हसणाऱ्या. आम्हाला अरबी येत नव्हते. एका आजीने न विचारताच माझा हात ओढला, पाठ फिरवायला लावली आणि खसाखसा घासून काढली. मग स्वतःचा हातमोजा माझ्या हातात देऊन माझ्याकडे पाठ केली.