शंभर वर्षे पूर्ण होईपर्यंत

इम्फाळहून दक्षिणेकडे तिड्डिम रस्त्याने निघाले की सुमारे सोळा किलोमीटरवर माईबाम लोकपा चिंग ही एक ठेंगणी टेकडी लागते. लष्करी कागदपत्रांत तिचे नाव रेड हिल. १९४४ च्या मे महिन्यात जपानी सैन्य येथवर पोचले होते आणि येथेच ते अडवले गेले. पायथ्याशी जपानने १९९४ मध्ये उभारलेले शांतिस्मारक आहे; २०१९ मध्ये जवळच संग्रहालयही उघडले.

परंतु ही युद्धभूमी लोकांच्या स्मरणात ठेवली ती इम्फाळच्या काही हौशी मंडळींनी. धातुशोधक यंत्र घेऊन टेकड्या तुडवायच्या, शिरस्त्राणे आणि काडतुसांच्या पुंगळ्या जमवायच्या, म्हाताऱ्या ग्रामस्थांना विचारून खंदकांच्या जागा शोधायच्या आणि दोन्ही बाजूंच्या मृतांना वंदन करायचे, असा त्यांचा क्रम. अशा मंडळांशी प्रशासनाचा संबंध बहुधा पुष्पचक्र आणि चहापुरता असतो. (मीही अशी पुष्पचक्रे वाहिली आहेत.)

कायदा काय म्हणतो? प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांची अट घालतो. पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदाही, हस्तलिखितांसारखे अपवाद वगळता, तीच. म्हणजे १९४४ चा खंदक २०४४ पर्यंत कायद्याच्या लेखी केवळ खड्डा, आणि शिरस्त्राण म्हणजे भंगार. तोवर रस्तारुंदीकरण किंवा मातीचे उत्खनन थांबणार आहे काय? जिल्हाधिकाऱ्याला मात्र वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर शेरा मारतात, तशी जागेची साधी नोंद तेथील जमीन अभिलेखात करून घेता येईल. न फुटलेला तोफगोळा सापडल्यास बॉम्बनाशक पथक कोणी बोलवायचे, आणि मानवी अस्थी सापडल्यास पंचनाम्यानंतर त्या कोणाच्या स्वाधीन करायच्या, याची लेखी कार्यपद्धतीही ठरवून देता येईल. आज मंडळातला जो कोणी फावडे मारतो, तो हा धोका स्वतःच्या अंगावर घेतो.

याहून मोठी उणीव नावांची आहे. इम्फाळच्या राष्ट्रकुल युद्धस्मशानात सुमारे सोळाशे थडगी आहेत; त्यांची देखभाल करणाऱ्या आयोगात भारत सरकार भागीदार आहे. मार्च १९४४ मध्ये उखरूलजवळच्या सांगशाक येथे मराठा पलटणीची चौथी बटालियन लढली. तिच्या मृतांची नावेही लष्कराच्या दप्तरी आहेत. पण १० मे १९४२ रोजी इम्फाळवर बॉम्ब पडले त्यात मेलेले नागरिक, किंवा दोन वर्षांनी आपल्याच गावात दोन सैन्यांच्या कचाट्यात सापडलेले शेतकरी? त्यांच्यासाठी दगड नाहीत.

ही यादी मंडळाने करावी अशी अपेक्षा ठेवणे मला गैर वाटते. मृत्यूची नोंद ठेवणे हे शासनाचे काम आहे. शिवाय मे २०२३ च्या हिंसाचारानंतर खोऱ्यातल्या माणसाला डोंगरातील अनेक गावांत जाणे कठीण झाले. तेथे पोचू शकतील ते त्या त्या भागातले शासकीय कर्मचारीच. १९४२ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. गावोगावच्या अशा वृद्धांकडे वही घेऊन एक कारकून पाठवायचा, एवढाच याचा खर्च.